बटण दाबणारं बोट कोणाचं?



कापसाच्या भावाचा विषय दुपारच्या सत्रात आहे. मी आत्ता वेगळंच बोलणार आहे.

माझे चुलते दोन्ही डोळ्यांनी अधू. मागं एका निवडणुकीत हाताला धरून मी त्यांना बूथवर नेलं. बटण मीच दाबलं. कोणतं दाबू, हे विचारलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "काय रे, माझं मत कोणाला पडलं?" शेतकीची पदवी घेतलेला, तुम्हाला माती तपासायला शिकवणारा मी, खाली मान घालून उभा राहिलो.

अशी माणसं आपल्यात थोडी नाहीत. मळणी यंत्रात ज्वारी घालताना कोणाचा हात गेला. फवारणीचं तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात आपण पाहिलं. विषबाधेनं वीसवर माणसं दगावली, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली.

लोकसभा-विधानसभेला ज्याला दिसत नाही किंवा शरीराच्या व्यंगामुळं बटण दाबता येत नाही, त्याला सोबती नेता येतो. १९६१ च्या नियमांतच ते आहे. सोबती १८ वर्षांचा पुरा हवा, मतदार सांगेल तेच बटण त्यानं दाबायचं. आज दुसऱ्या कोणाचा सोबती झालो नाही आणि हे मत गुप्त ठेवीन, असं त्यानं लिहून द्यायचं. म्हणजे पुढाऱ्याचा एकच पोरगा दिवसभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना आत नेत असेल, तर ते बेकायदा आहे. तिथल्या तिथं केंद्राध्यक्षाकडं हरकत घ्या.

पण सोबती घेतलाच पाहिजे असंही नाही. बटणांशेजारी ब्रेलचे आकडे असतात. तुम्ही म्हणाल, आमच्या आबाला ब्रेल कुठं येतं? न येवो. माघारीची मुदत संपली की उमेदवारांचा क्रम पक्का होतो. घरी पुठ्ठ्यावर ओळीनं सरक्या चिकटवा आणि वरून मोजायला लावा. चाड्यावर मूठ धरून बी सोडणारी बोटं आहेत ती, त्यांना पाचवं बटण सापडणार नाही होय? मत पडलं की लांब शिटी ऐकू येते.

ज्यांचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे, त्यांना नमुना १२-ड भरून घरूनही मत देता येतं. अधिसूचनेपासून पाच दिवसांत अर्ज गेला पाहिजे. बीएलओच्या मागं लागा. मात्र एकदा घरचं मत घेतलं की केंद्रावर देता येत नाही.

चुलते पुढच्या खेपेला एकटेच आत गेले. वेळ लागला, रांगेत कुरकुर झाली. कोणाला दिलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तो पुठ्ठा मी सोबत आणलाय. जेवणाच्या सुट्टीत बघून घ्या.