हक्कसोडावरची सही

मायबाप हो, भाऊबीजेच्या ताटात नोट टाकणं सोपं असतं. आज त्याच्या पुढचं बोलू.

एक दृष्टांत ऐका. गाव विचारू नका, घर आपल्याच आळीतलं समजा. भाऊ माळकरी, आषाढी कधी चुकवली नाही. बहीण सासरी नांदणारी. तिच्या छातीत गाठ आली. दुखत नव्हती, शिवाय लाज. वर्षभर बोलली नाही. आयाबायांनो, नीट ऐका. या रोगाची गाठ पुष्कळदा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका.

तपासात कर्करोग निघाला. ऑपरेशन, मग दर तीन आठवड्यांनी केमो, मग शेक. सासरच्यांनी हात टेकले. भाऊ विचारात पडला. म्हणाला, "आपण दरसाल साडीचोळी करतोच की! आणखी किती करायचं?"

जमिनीचे कागद बघायला ट्रंक उघडली, तर वर हक्कसोडपत्र. बहिणीची सही. बायको म्हणाली, "अहो, तिचा वाटा आपला झाला तो या सहीनं. तेव्हा तिनं विचारलं का, किती सोडायचं?"

बघा मंडळी! २००५ सालापासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, पुरणपोळी खाऊन परत जाते. तिला आजारात दिलं ते दान नव्हे बाबांनो, ऋण आहे.

पण लगेच शेत विकायला धावू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे बरेच उपचार बसतात. रेशनकार्ड, आधारकार्ड घ्या, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला गाठा. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी खाटा राखीव असतात, त्या मागायला लाजू नका. रुग्णाच्या माणसांना निवारा मिळावा म्हणून कीर्तनकार गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करुग्ण आजही उतरतात.

या भावानं तेच केलं. उपचाराचा मोठा भार योजनेनं उचलला. तरी जाणं-येणं, खाणं, बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसते? शेवटी दहा गुंठे विकावे लागले. लोक म्हणाले, "बहिणीपायी जमीन घालवली." तो म्हणाला, "तिची होती, तिला गेली."

केमोनं केस गेले. पदर पुढं ओढून ती म्हणाली, "दादा, ओवाळायला कशी उभी राहू रे?" तो म्हणाला, "तुझं जावळ मी पाहिलंय, बाय. तेव्हा आले ना परत? आताही येतील."

त्या साली आषाढीला तो तिच्या उशाशी होता. वारी चुकली का हो? पुंडलिकानं आईबापाची सेवा सोडली नाही, देवाला विटेवर उभं केलं. जो देव तिथं थांबला, तो दवाखान्याच्या बाकापाशी थांबणार नाही का?

ती बरी झाली का, विचाराल. केस आलेत. गोळी रोज चालू आहे, अजून काही वर्षं घ्यायची आहे. पुढचं विठोबा जाणे.

आपण एवढं करू. घरी गेल्यावर बहिणीला फोन लावा. गाठीचं विचारायला तुम्हाला अवघड वाटलं, तर बायकोला विचारायला सांगा. आणि ट्रंकेतला तो कागद एकदा काढून वाचा.

राम कृष्ण हरी!