माफी मागायला लावू नका, माफी शिकवा
(पेण येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मुलांना क्षमेचे महत्त्व कसे पटवून द्यावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी काही आलीम नाही, विद्वान नाही. रोज चाळीस-पन्नास मुलांत वावरणारा एक साधा शिक्षक आहे. तेव्हा वर्गात जे पाहिले, तेच आपल्यापुढे मांडतो.

मधल्या सुट्टीत दोन मुले भांडतात. एकाचा शर्ट फाटतो, दुसऱ्याचे नाक फुटते. आम्ही शिक्षक दोघांना समोर उभे करतो आणि दरडावतो, "माफी माग! हात मिळव!" मुले खाली मान घालून "सॉरी" पुटपुटतात आणि आम्ही निर्धास्त होतो. पण शाळा सुटल्यावर तीच दोघे एस. टी. स्टँडवर पुन्हा एकमेकांची कॉलर धरतात. असे का व्हावे? कारण माफी म्हणजे छडीतून सुटण्याचे तिकीट, एवढेच आम्ही त्यांना शिकवलेले असते.

मराठीतला "माफ" हा शब्द मूळ अरबी आहे. ज्या धातूपासून तो आला, त्याच धातूपासून "अफ्व" हा शब्द झाला आणि त्याच्या अर्थात पुसून टाकणे हा भाव आहे. आता पाटीवर काय लिहिले आहे हे वाचल्याशिवाय ते पुसता येईल का? म्हणून आधी चूक काय झाली ती स्पष्ट झाली पाहिजे, ज्याच्याकडून झाली त्याने ती कबूल केली पाहिजे, आणि मगच पुसण्याची गोष्ट. आपला दीन आपल्याला हेही सांगतो की, बंद्याचा हक्क मारला गेला असेल तर त्या बंद्याकडेच जाऊन तो फेडावा लागतो. नमाज-रोजे आपल्या जागी, पण शेजाऱ्याचे देणे शेजाऱ्यालाच द्यावे लागते. हजला निघालेला माणूस घरोघर जाऊन कहासुना माफ करून घेतो, त्याचे मर्म हेच आहे.

दुसरी गोष्ट, क्षमा म्हणजे दुबळेपणा नव्हे. सूरह शूरामध्ये अन्यायाची तेवढ्याच मापाने भरपाई घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे आणि त्यानंतर, जो माफ करून समेट करील त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे, असे सांगितले आहे. म्हणजे क्षमा ही हक्क असणाऱ्याने स्वखुशीने द्यायची देणगी आहे. हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इ. स. ६३० साली, पैगंबर हजरत मुहम्मद (स.) विजयी होऊन मक्केत आले. ज्यांनी वर्षानुवर्षे छळ केला, घरदार सोडायला लावले, ते लोक समोर उभे होते आणि बदला घेण्याची पूर्ण ताकद हाती होती. तरी सर्वसाधारण माफी जाहीर झाली. ताकद हाती असताना दिलेली ही माफी होती, म्हणून तिचे मोल.

हजरत अबू बकर (रजि.) यांची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगण्यासारखी आहे. मिस्तह हा त्यांच्या नात्यातला गरीब माणूस, त्याचा खर्च तेच चालवीत. त्यांच्या लेकीची, हजरत आयेशा (रजि.) यांची बदनामी झाली, तेव्हा हा मिस्तहही त्या बोलण्यात सामील झाला. बापाचे मन किती दुखावले असेल! याला यापुढे काही देणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. तेव्हा सूरह नूरची आयत उतरली, की अल्लाहने आपल्याला माफ करावे असे वाटणाऱ्यांनी दुसऱ्याला माफ करावे. हजरत अबू बकर यांनी मदत पुन्हा सुरू केली.

आता आपल्या तालुक्याकडे या. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांनी कुराणाचा अरबीतून अभ्यास केला आणि निवडक आयतींचे संकलनही केले. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीसएक दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे खाली ठेवली. विनोबांनी त्यांना जवळ केले, पण तुमचे गुन्हे रद्द झाले असे सांगितले नाही. त्यांच्यावर रीतसर खटले चालले. माणसाला जवळ करायचे आणि चुकीचा जाब मात्र सोडायचा नाही, हा धडा आपल्याच मातीतल्या माणसाने दिला आहे. म्हणून पालकहो, एखादे मूल मार खाऊन आले, किंवा कोणी मोठ्या माणसाने त्याला त्रास दिला, तर "जाऊ दे, माफ कर" म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. आधी त्याला न्याय द्या. माफ करायचे की नाही, कधी करायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्या.

आता माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एकाची कंपासपेटी हरवली. तशीच पेटी मागच्या बाकावरच्या मुलाच्या दप्तरात निघाली. "सर, ही माझ्या मामूने आणली आहे," असे तो सांगत राहिला. मी ऐकले नाही. भर वर्गात त्याला चोर म्हणालो. दुसऱ्या दिवशी हरवलेली पेटी पहिल्या मुलाच्या घरीच सापडली. मी त्या मुलाला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणालो, "चुकलो रे." तो म्हणाला, "काही हरकत नाही, सर." पण त्यानंतर आठ दिवस त्याने वर्गात हात वर केला नाही. तेव्हा मला उमगले की बदनामी सर्वांसमोर झाली आणि माफी मी कोपऱ्यात मागितली! नवव्या दिवशी मी वर्गापुढे उभा राहून सारे सांगितले, त्याचे नाव घेऊन माफी मागितली. तो मान खाली घालून बसला होता. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी आला आणि म्हणाला, "सर, माझी भूमितीची वही तपासायची राहिली आहे." एवढेच बोलला. ती माझी माफी होती.

मित्रांनो, मुले आपले भाषण ऐकत नाहीत, आपले वागणे पाहतात. आपल्या गावांत सख्ख्या भावांत वाडीच्या वाटणीवरून, एका बांधावरून बोलणे बंद होते. दावा अलिबागच्या कोर्टात जातो. वर्षे निघून जातात. इकडे दोघांची मुले एकाच वर्गात असतात आणि एकमेकांना सलाम करीत नाहीत, कारण घरी ताकीद असते, "चाचांच्या दारात पाऊल टाकायचे नाही." त्या मुलांना मी क्षमेचा धडा कोणत्या तोंडाने शिकवू? दावा चालायचा तर चालू द्या, हक्क सोडू नका. पण मुलांचा सलाम तरी बंद करू नका.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन पाहा. शाडू ओली असते तोवर भेग पाण्याच्या बोटाने मिटते, वाळल्यावर ती मिटवणे कठीण. मुलांची मने अजून ओली आहेत. आपली मात्र वाळत चालली आहेत. म्हणून माझी विनंती एवढीच, की आज घरी गेल्यावर ज्या मुलाला आपण विनाकारण रागावलो असू, त्याला जवळ घेऊन म्हणा, "बाळा, माझे चुकले." त्याने बापाचा मान कमी होणार नाही. आणि विद्यार्थ्यांनो, आज ज्याच्याशी अबोला असेल, त्याला सलाम करण्यात पहिला नंबर तुमचा लागू द्या.

बोलताना काही चुकले असेल तर मोठ्या मनाने माफ करावे. 

खुदा हाफिज. जय हिंद! जय महाराष्ट्र!