आमदारकी आणि अपरिग्रह : गणपतराव देशमुख यांच्या तेरा निवडणुका

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ‘सार्वजनिक जीवन आणि अणुव्रते’ या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतो. या विषयासाठी एका आमदाराची निवडणुकीची कारकीर्द मी निवडली आहे, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. तो आमदार जैन नव्हता, हे कळल्यावर ते आश्चर्य आणखी वाढेल. जैन समाजातून विधिमंडळात गेलेल्या थोर व्यक्ती नाहीत असे नाही. अहमदनगरचे कुंदनमल शोभाचंद फिरोदिया १९४६ ते १९५२ या काळात तेव्हाच्या मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. परंतु आपला णमोकार मंत्र आठवा. त्यात एकाही व्यक्तीचे नाव नाही, एकाही तीर्थंकराचेदेखील नाव नाही. तेथे वंदन आहे ते पदाला आणि त्या पदाशी निगडित असलेल्या गुणाला. ज्या परंपरेने गुणपूजा शिकविली, त्या परंपरेच्या व्यासपीठावर गुण कोणाच्या घरी जन्मला, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

मी बोलणार आहे ते सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचे आमदार गणपतराव देशमुख यांच्याविषयी. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले. वयाची नव्वदी त्यांनी ओलांडली होती. शेतकरी कामगार पक्षाचे ते नेते. ‘आबा’ या नावाने सारा तालुका त्यांना ओळखत असे.

प्रथम त्यांच्या निवडणुकांचा हिशेब मांडतो. आपल्या समाजाला हिशेबाची भाषा चांगली कळते. १९६२ साली ते सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेवर निवडून आले. १९६७ साली पुन्हा आले. १९७२ साली त्यांचा पराभव झाला. दोन वर्षांनी, १९७४ साली, पोटनिवडणूक झाली आणि लोकांनी त्यांना परत पाठविले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा सलग चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९५ साली ते पुन्हा पराभूत झाले. १९९९ साली परत निवडून आले आणि २००४, २००९ व २०१४ या निवडणुकांतही विजयी झाले. एकूण तेरा लढती, त्यांपैकी अकरा विजय आणि दोन पराभव. मतदारसंघ एक आणि पक्षही एक. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, तेव्हा ते विधानसभेत पहिल्यांदा बसले, आणि देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना, २०१९ साली, निवडणूक न लढविण्याचा निर्णय घेऊन बाहेर पडले. मधली खंडित वर्षे वगळली तरी विधानसभेतील त्यांची सेवा सुमारे अर्धशतकाची भरते. आपल्या संस्थेच्या वयाएवढी!

येथे सत्यव्रताला स्मरून एक खुलासा करणे आवश्यक आहे. आबांचा हा विक्रम साऱ्या देशातील सर्वोच्च होय, असे भाषणांतून अनेकदा सांगितले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. केरळमधील के. एम. मणी हे पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. तामिळनाडूचे एम. करुणानिधी यांनीही तेरा वेळा विधानसभा जिंकली, मात्र वेगवेगळ्या मतदारसंघांतून. ज्याच्याविषयी आपल्याला आदर आहे, त्याच्या पदरी नसलेली गोष्ट टाकणे हादेखील असत्याचाच एक प्रकार आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अकरा विजयांची ही कारकीर्द असामान्यच आहे, आणि तेवढे सांगणे पुरेसे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोणी जाणकार श्रोता मला विचारील, “अहो, अर्धशतक एकच खुर्ची धरून बसलेल्या माणसाला आपण अपरिग्रहाचे उदाहरण म्हणून कसे पुढे करता? हा तर परिग्रहाचाच नमुना झाला!” प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन या विषयावर बोलता येणार नाही.

आबांच्या साधेपणाच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. एस. टी.ने प्रवास करणारा आमदार, साध्या वेषातला आमदार, अशी त्यांची ख्याती होती आणि ती खरीही होती. परंतु अपरिग्रहाची आपली कल्पना एवढ्याने पूर्ण होत नाही. तत्त्वार्थसूत्रात आचार्यांनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची संख्या मोजलेली नाही, वस्तूविषयीची आसक्ती मोजली आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याच्याही मनात परिग्रह असू शकतो. आणि ज्याच्या हाती पुष्कळ आहे, तो निर्लेप असू शकतो. मग एखाद्याची पदाविषयी आसक्ती होती की नव्हती, हे ओळखायचे कसे? माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याची कसोटी विजयाच्या दिवशी लागत नाही. ते पद हातातून गेल्यानंतर तो माणूस कसा वागतो, यावरून ती लागते. म्हणून आबांच्या अकरा विजयांपेक्षा त्यांच्या दोन पराभवांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

पहिला पराभव १९७२ चा. ते वर्ष महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचे. सांगोला हा माणदेशाच्या पट्ट्यातील कायमचा अवर्षणप्रवण तालुका. माण नदी तेथून वाहते, पण वर्षातील बहुतेक काळ ती कोरडीच असते. तालुक्याला आवाजाची सर्वाधिक गरज असताना दहा वर्षे आमदार राहिलेला हा माणूस विधानसभेच्या बाहेर होता. त्या काळी काँग्रेस पक्ष महाराष्ट्रात सर्वशक्तिमान होता. शेतकरी कामगार पक्षातील अनेक मातब्बर मंडळी एकेक करून त्या पक्षात गेली होती. पराभूत उमेदवाराला तो रस्ता सोपा होता, आणि १९८५ सालचा पक्षांतरबंदी कायदा तेव्हा अस्तित्वातही नव्हता. आबा त्या रस्त्याने गेले नाहीत. ते तालुक्यातच राहिले आणि १९७४ साली त्याच पक्षातर्फे पुन्हा मतदारांसमोर उभे राहिले.

दुसरा पराभव १९९५ चा, आणि तो अधिक बोलका आहे. काँग्रेसचे उमेदवार शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला. आपल्या या सभागृहात आज जेवढी मंडळी बसली आहेत, तेवढ्यांच्या मताने निकाल फिरला असता! आयुष्याची सत्तरी जवळ आलेली, सात वेळा निवडून आलेली व्यक्ती, आणि पराभव एवढ्या थोड्या अंतराचा. अशा प्रसंगी माणसाच्या मनात कडवटपणा येणे स्वाभाविक आहे. ‘एवढे करूनही लोक उलटले’ ही भाषा आपण आपल्या संस्थांच्या निवडणुकांतही ऐकतो. परंतु १९९९ साली आबा पुन्हा त्याच मतदारांकडे गेले, त्याच पक्षाच्या नावावर मते मागितली आणि निवडून आले. पुढे २०१४ साली त्यांनी ९४ हजारांहून अधिक मते मिळविली आणि शिवसेनेतर्फे उभे असलेल्या त्याच शहाजीबापूंवर २५ हजारांहून अधिक मतांनी विजय मिळविला. तेव्हा राज्यात आणि देशात मोठी राजकीय लाट होती, आणि त्यांचा पक्ष राज्यात अगदी लहान झालेला होता.

पक्ष लहान झाला, ही त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनेकान्ताचा तो आग्रहच आहे. इतकी वर्षे विधानसभेत राहूनही त्यांच्या वाट्याला सत्ता फार थोडी आली. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. २००२ साली त्यांच्या पक्षाने पाठिंबा काढून घेतला आणि तो अध्यायही संपला. बाकीचा सारा काळ विरोधी बाकांवर गेला. टीकाकार म्हणतात की, ते मोठ्या पक्षात गेले असते तर सांगोल्याला पाणी लवकर मिळाले असते. या आक्षेपात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. कृष्णेच्या पाण्यावरील टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे पाणी माणदेशात यायला अनेक दशके लागली. परंतु दुसरी बाजूही पाहावी. ज्या तालुक्यात कापसाचे पीक नाममात्र, तेथे त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि दुष्काळी भागातील हातांना काम मिळाले. हाच तालुका पुढे डाळिंबाच्या बागांसाठी देशभर प्रसिद्ध झाला. त्याचे श्रेय अर्थातच मुख्यतः शेतकऱ्यांच्या कष्टांना आहे. सत्तेबाहेर राहून जेवढे करता येते तेवढे करणे आणि जे झाले नाही त्यासाठी सभागृहात बोलत राहणे, हा मार्ग त्यांनी पत्करला. त्याची किंमत काही अंशी तालुक्यानेही मोजली. तरीही तालुक्याने त्यांना अकरा वेळा निवडले, याचा अर्थ ती किंमत लोकांना मान्य होती, असा मी लावतो.

आणखी एक प्रश्न उरतो, तो वारशाचा. २०१९ साली आबा स्वतः उभे राहिले नाहीत. पक्षाची उमेदवारी त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना मिळाली आणि शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा ७६८ मतांनी पराभव केला. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख हे त्याच पक्षातर्फे सुमारे २५ हजार मतांनी निवडून आले. उमेदवारी घरातच राहिली, हे अपरिग्रहाला धरून झाले काय, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न मी अयोग्य म्हणणार नाही. मात्र सांगोल्याच्या मतदारांनी एक गोष्ट स्पष्ट केली: आमदारकी ही सातबाऱ्यावर वारसनोंद करून मिळणारी जमीन नव्हे. एकदा त्यांनी नकार दिला, एकदा होकार दिला. दोन्ही वेळा निर्णय त्यांचाच होता.

बंधू-भगिनींनो, हे सारे मी येथे का सांगितले? आपण ज्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहोत, तिला कायद्याच्या भाषेत ‘न्यास’ म्हणतात आणि ती चालविणाऱ्यांना ‘विश्वस्त’. दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली ठेव सांभाळणारा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आमदारकी हीदेखील अशीच ठेव आहे. फरक इतकाच की, आमदाराला दर पाच वर्षांनी ठेवीदारांसमोर उभे राहावे लागते आणि १९२ मतेसुद्धा त्याला घरी पाठवू शकतात. आपल्यापैकी पुष्कळ विश्वस्तांना अशी परीक्षा कधी द्यावीच लागत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दरवर्षी लेखापरीक्षणाचा अहवाल जातो, त्यात रुपये-आणे-पै जुळतात. परंतु पदाविषयीच्या आसक्तीचे लेखापरीक्षण कोणी करीत नाही. ‘मी नसलो तर संस्था बुडेल’ असे ज्या दिवशी वाटू लागते, त्या दिवशी सेवेचे रूपांतर परिग्रहात झालेले असते; मग तो माणूस खादी नेसो, एस. टी.ने फिरो, की एकभुक्त राहो.

आपल्याकडे प्रतिक्रमणाची परंपरा आहे. वर्षातून एकदा तरी आपण थांबतो, मागे वळून पाहतो, आपले दोष कबूल करतो आणि क्षमा मागतो. निवडणूक हे लोकप्रतिनिधीचे सक्तीचे प्रतिक्रमण आहे, असे मला वाटते. आबांनी ते तेरा वेळा केले, आणि दोन वेळा निकाल विरुद्ध गेला तेव्हाही लोकांवर न रुसता ते पुन्हा त्याच लोकांसमोर गेले. संस्थेच्या विश्वस्तांना ते स्वेच्छेने करावे लागेल. येत्या पन्नास वर्षांसाठी या संस्थेने काही संकल्प करायचा असेल, तर माझी नम्र सूचना अशी आहे: विश्वस्तपदाची मुदत आपण स्वतःहून ठरवावी, वार्षिक सभेत सामान्य सभासदाला प्रश्न विचारण्यास संकोच वाटू नये असे वातावरण राखावे, आणि पायउतार झालेल्या विश्वस्ताने दुसऱ्या दिवशीही मंदिरात त्याच भावाने यावे, सतरंजी अंथरण्याच्या कामास हात लावावा. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, आणि अपरिग्रहाची खरी परीक्षाही तेथेच आहे.