ड्रोन उडवण्याआधी

कॅमेऱ्याच्या बॅगा सांभाळत इथवर आलेल्या माहितीपटकार मित्रांनो,



बुलढाणा जिल्ह्यात कुणी कॅमेरा घेऊन आलं की आमचा प्रश्न ठरलेला : लोणारला केव्हा जाणार? उल्कापातातून झालेलं ते सरोवर ड्रोनमधून देखणंच दिसतं. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा अवघ्या देशाने ते वरून पाहिलं. पण वरून घेतलेला एक सुरेख शॉट म्हणजे सिक्वेन्स नव्हे. त्यात काही सुरू होत नाही आणि काही संपतही नाही.

सिक्वेन्सच हवा असेल तर जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला चला. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. अठरा धान्यांचं रिंगण, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कुठलं धान्य सरकलं, कुठलं ढेकूळ भिजलं, हे पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. त्या भाकितावर माझा विश्वास नाही. पण ते ऐकायला जमलेल्या शेतकऱ्यांचे चेहरे टिपायलाच हवेत.

आता दिग्दर्शकाची पंचाईत पाहा. गोष्टीचा मधला भाग रात्री घडतो आणि तो टिपता येत नाही. म्हणजे पहाटेचं एडिटिंग संध्याकाळीच डोक्यात हवं. प्रत्येक ढेकळाचा क्लोज-अप कुठून, कुठल्या लेन्सने घेतला, हे वहीत लिहिलं नाही तर पहाटेचा शॉट त्याला जुळायचा नाही. घट मांडणाऱ्यांना आधी भेटावं, परवानगी घ्यावी, गर्दी कुठे उभी राहते ते विचारावं. चुकलं तर रिटेक थेट पुढच्या वर्षी!

कॅमेऱ्याची जागा धरून ठेवण्याची ही शिस्त जुनीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ एकेका फ्रेमने टिपली होती. कॅमेरा कुंडीसमोरून हलवायची त्यांनाही सोय नव्हती.

  शेवटी एक विनंती, आग्रहाची. आमच्या गावांत जे चित्रित कराल, ते महोत्सवांना पाठवण्याआधी त्याच गावच्या शाळेत पडदा लावून दाखवा. पडद्याची आणि खुर्च्यांची सोय आम्ही करू.