कावीळ, गरोदर बाई आणि नळाचं पाणी
(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील मांडणी)



आमच्या वस्तीतल्या एका बाईची गोष्ट आधी सांगते. तिला सातवा महिना होता. आठवडाभर अन्नावर वासना नव्हती, उलट्या होत होत्या. 'पोटुशीला व्हायचंच,' असं सगळ्या म्हणाल्या. मीही म्हटलं. डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, असा समज. माळ लांबली, पण चौथ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली. दवाखान्यात नेलं तोवर मूल पोटातच दगावलं होतं. दुसऱ्या दिवशी तीही गेली. मागून चर्चा काय, तर तिने पथ्य पाळलं नाही!

तिच्या नवऱ्यालाही कावीळ झाली होती. तो तीन आठवड्यांत कामावर गेला. नळ एकच, पाणी एकच. मग असं का?

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचं एक मोठं कारण म्हणजे 'हेपटायटिस ई' हा विषाणू. तो रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात येतो. बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की, शेवटच्या तिमाहीत लागण झाली तर २० ते २५ टक्क्यांपर्यंत गरोदर बायका दगावू शकतात. यकृत निकामी होतं, रक्तस्राव होतो, मूल जातं.

हे नवं नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्याही साथीत गरोदर बायकांचे मृत्यू जास्त होते. २०१२ मध्ये आपल्या इचलकरंजीत याच विषाणूची साथ आली. म्हणजे हा प्रश्न पथ्याचा नाही, गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपाचा आहे.

पाणी उकळून प्यावं हे खरंच. पण इंधन कुणाच्या पैशाने आणि उकळायचं कुणी, हेही विचारा. घरात पाणी बाईने भरायचं. पाइप कुठून टाकायचा हे मात्र तिला कुणी विचारत नाही. या विषाणूवर लस आहे. २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंटिऊच्या छावणीत ती गरोदर बायकांनाही दिली गेली. आपल्याकडे तिची चर्चासुद्धा होत नाही.

म्हणून तीन गोष्टी करू या. गरोदर बाईची लघवी गर्द पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. गुंगी आली किंवा रक्त जाऊ लागलं तर थेट मोठ्या रुग्णालयात. गल्लीत काविळीचे दोन रुग्ण दिसले की नावं-तारखा वहीत टिपायच्या आणि त्या वहीसकट नगरपालिकेत जाऊन पाणी तपासायला लावायचं.

ती गेली त्या महिन्यात गल्लीत किती जणांना कावीळ होती, हे मी नंतर दारोदार फिरून विचारलं. ते आधी विचारायला हवं होतं. तुम्ही आधी विचारा.