घरची शेकोटी

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले, तिन्हीसांजेस अंगावर शिरशिरी येऊं लागली, कीं महाराष्ट्रांतील माणसाला शेकोटीची आठवण होते. इकडची थंडी थोड्या दिवसांची असली तरी ती केवळ नांवापुरती नसते. १७ जानेवारी १९३५ रोजीं पुण्यास पारा १.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. आणि निफाडच्या बाजूस द्राक्षमण्यांना तडे जाऊं नयेत म्हणून बागाईतदार आजहि पहांटे बागेंत शेकोट्या पेटवितात. अलीकडे हीच शेकोटी शहरांतील बंगल्याच्या अंगणांत आणि गच्चीवर आली आहे, व बाजारांत तिच्यासाठीं तयार पोलादी पात्रेंहि मिळतात. तेव्हां ती कशी निवडावी व कशी वापरावी, हें गृहस्थाश्रमी मंडळींनीं समजून घेणें इष्ट होय.

प्रथम लांकूड जळतें कसें, तें पाहावें. आंच लागली म्हणजे लांकडांतून आधीं पाण्याची वाफ निघून जाते. मग ज्वलनशील वायु बाहेर पडूं लागतात. ज्वाला म्हणून जी दिसते ती या वायूंची. वायु संपले म्हणजे कोळसा उरतो व तो निखारा होऊन धगधगतो. या वायूंना पुरेशी उष्णता व पुरेशी हवा मिळाली नाहीं, तर ते न जळतांच धूर होऊन निघून जातात. धूर म्हणजे वायां गेलेलें सरपणच. जी शेकोटी डोळ्यांना पाणी आणते, ती ऊबहि कमी देते, याचें कारण हेंच.

म्हणून पात्राच्या आधीं सरपण पारखावें. नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्में पाणी असूं शकतें. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करण्यास सुमारें ५४० कॅलरी उष्णता लागते. ती सारी शेकणाऱ्याच्या वांट्यांतून वजा होते. फोडलेलें सरपण जमिनीपासून उंच, वर आच्छादन व बाजू मोकळ्या, अशा रीतीनें रचून निदान सहा महिने वाळवावें. जाड ओंडक्यांना वर्षहि लागतें. पाण्याचें प्रमाण शेंकडा २० च्या खालीं आलें म्हणजे तें जाळण्याजोगें झालें. परीक्षा सोपी आहे. वाळलेल्या लांकडाच्या टोकांना चिरा पडतात, साल सुटते, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर आवाज खणखणीत येतो. ओल्यांचा आवाज बद्द येतो. बाभळीचे निखारे बराच वेळ टिकतात. बांबू जाळावयाचा तर पेरें आधीं फोडावीं, नाहीं तर तीं बंदुकीसारखीं उडतात. कण्हेरीच्या काटक्या विषारी, व त्यांचा धूरहि अपायकारक. रंग दिलेलीं फळकुटें, प्लायवूड व प्लॅस्टिक यांना शेकोटींत मुळींच थारा देऊं नये.

आतां पात्र. मोकळी जमीन असेल तर सर्वांत स्वस्त शेकोटी म्हणजे वीतभर खोल खड्डा व त्याभोंवतीं पक्क्या विटांचें तीनएक फूट रुंदीचें कडें. खालच्या थरांत हवेसाठीं फटी ठेवाव्या. नदींतले गोटे लावूं नयेत. त्यांत मुरलेलें पाणी तापतें आणि दगड फुटून कपच्या उडतात. तयार पात्र घ्यावयाचें तर दुहेरी भिंतीचें उत्तम. त्यांत खालून शिरलेली हवा दोन भिंतींमधून वर चढतांना तापते व कांठाजवळच्या छिद्रांतून धुरावर येऊन पडते, म्हणजे धुरांतले वायु तेथेंच पेटतात. ज्या घरांत तांब्याचा बंब असे, तेथें हवेच्या ओढीचें हें मर्म सर्वांस ठाऊक होतें. राखेनें जाळी बुजली कीं बंब धुमसूं लागे. मात्र कांठाच्या वर लांकडें रचलीं तर उत्तम पात्रहि धूर करणारच. मोठ्या आकाराचा मोह नसावा. चार-पांच माणसांस दोन-अडीच फुटांचें पात्र पुरे. मोठ्या पात्रांतला लहानसा विस्तव लवकर थंड पडून धुमसतो.

जागा भिंतीपासून व कुंपणापासून निदान दहा फूट दूर असावी. वर फांदी, मांडव अगर विजेची तार नसावी. दाट वस्तींत, जेथें एकाच्या गच्चीवरील धूर दुसऱ्याच्या निजण्याच्या खोलींत शिरतो, तेथें हा बेतच सोडावा. धुरांतील पुष्कळसे कण अडीच मायक्रॉनहूनहि बारीक असतात व फुप्फुसांत खोल जाऊन बसतात. दम्याचा रोगी आणि तान्हें मूल यांस तर अशा धुरापासून दूरच ठेवावें.

पेटवितांना तळाशीं जाड ढलप्या, त्यांवर बारीक, त्यांवर काटक्या व सर्वांत वर नारळाचें सोडण ठेवून वरूनच काडी लावावी. विस्तव हळूहळू खालीं उतरतो आणि खालून निघणारे वायु ज्वालेंतून जातांना जळून जातात. रॉकेल किंवा पेट्रोल कधींहि ओतूं नये. जवळ पाण्याची बादली असावी आणि सुळसुळीत कृत्रिम धाग्याचें वस्त्र अंगावर नसावें. उठण्यापूर्वीं निखारे पसरून, वर पाणी शिंपडून, राख ढवळून पुन्हा पाणी शिंपडावें. पूर्वीं घरोघरीं बायका रात्रीं राखेखालीं विस्तव जपून ठेवीत व सकाळीं त्यावरच चूल पेटवीत. तेव्हां राख थंड दिसली म्हणून ती थंड असतेच असें नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रात्र चढते, थंडी वाढते, आणि उरलेले निखारे शेगडींत भरून खोलींत न्यावे असें कोणाच्या तरी मनांत येतें. धूर तर मुळींच नाहीं, मग भीति कसली? येथेंच घात होतो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, मग गुंगी येते. निजलेल्या माणसाला तर एवढीहि सूचना मिळत नाहीं. उत्तर भारतांत बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेलीं कुटुंबें सकाळीं मृत आढळल्याच्या वार्ता जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यांत येतात. खिडकी बोटभर उघडी ठेवणें हा यावर उपाय नव्हे. शेगडीच्या खोलींत कोणी गुंगलेला दिसला तर त्यास तत्काळ मोकळ्या हवेंत आणून रुग्णालयांत पोहोंचवावें.

धूर निदान डोळ्यांना तरी कळतो. हा वायु कळत नाहीं. म्हणून घरांतील वडील माणसानें एक नियम पाळावा: अंगणांतले निखारे अंगणांतच विझवावे, ते विझल्याची खात्री स्वतः करावी आणि मगच दार लावावें. घरांतल्या थंडीला गोधडी पुरेशी आहे.