आकाशमार्गाचे अंतर आणि वेळ

मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीस असला, की इंदूर, हैदराबाद वा बडोद्याच्या घरातील वडीलधारी मंडळी भिंतीवरील नकाशाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतात. त्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को जोडले, तर रेघ भूमध्य समुद्र व अटलांटिक ओलांडून सरळ पश्चिमेस जाते. ही रेघ फसवी आहे. शाळेतील पृथ्वीगोल घेऊन त्यावर दोरा ताणून धरावा. तो दिल्लीहून जवळजवळ उत्तरेसच निघतो, हिमालय, चीन व सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाजवळील हिमसागरावर चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. गोलावरील सर्वांत जवळची वाट हीच होय.

तिची लांबी काढणे अवघड नाही. दोन्ही नगरांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन काढावा. तो १११ अंशांहून किंचित अधिक भरतो. एका अंशास भूपृष्ठावर सुमारे १११ किलोमीटर पडतात. गुणाकार १२,४०० किलोमीटरच्या आसपास जातो. ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागिले, की उत्तर पावणेचौदा तास.

परंतु हे झाले कागदावरचे उत्तर. वाटेत तिबेटचे पठार आहे. विमानातील हवेचा दाब अकस्मात गेला, तर वैमानिकास त्वरित खाली यावे लागते आणि तेथे खाली यावयास जागा नसते. म्हणून प्रत्यक्ष मार्ग वळसा घेतो. एअर इंडियाची विमाने पूर्वी अटलांटिकवरून जात. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर, वेळ साडेसोळा तासांच्या आसपास. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकवरून जाण्यास आरंभ केला. ही वाट १,४०० किलोमीटरने लांब, तरीही पहिले विमान साडेचौदा तासांत पोहोचले!

याचे कारण वारा. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. पाठीशी वारा असलेल्या विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर पडला. समोरून वारा घेणाऱ्या जुन्या वाटेवर तो साडेआठशेच्याही आत होता. विमान इंधन जाळते ते किलोमीटरच्या हिशेबाने नव्हे, तासांच्या. दोन तास वाचले म्हणजे तितके इंधन वाचले. परतताना मात्र तोच वारा पाठीशी घ्यावयाचा, तर अटलांटिकवरूनच यावे लागते. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच घडते.

उरला घोटाळा घड्याळाचा. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते. पहाटे चारला निघालेला प्रवासी साडेचौदा तास उडून तेथे उतरतो, तेव्हा तेथे त्याच दिवशीचे सकाळचे सहाच्या आसपास वाजलेले असतात. 'पोहोचलो' असा निरोप येतो, तेव्हा इंदुरात दिवेलागण झालेली असते.